इंद्रभाननं धुतलेला धूर

खामगावातल्या भगवानरावांच्या तेल गिरणीचा बॉयलर इंद्रभान बावीस वर्षं सांभाळत होता. घर गिरणीच्या मागच्याच वस्तीत.

मागच्या वर्षी प्रदूषण मंडळाची नोटीस आली. चिमणीतून काजळी फार पडते, दोन महिन्यांत बंदोबस्त करा, नाहीतर बॉयलर बंद. आधीच्या नोटिसा फायलीत गेल्या होत्या. पण या वेळी जवळच्या एका गिरणीला खरंच सील लागलं होतं. भगवानराव घाबरले.

"नवी मशीन येईन, पण वेळ लागते," ते म्हणाले. "तोवर काय करू?"

"मी काही करून पाहू काय?"

"पाह्य ना बाप्पा."

इंद्रभाननं भंगारातून तीन लोखंडी ड्रम आणले, एकावर एक जोडले आणि आत शेतातल्या स्प्रिंकलरची नोझलं बसवली. धूर खालून शिरायचा आणि पाण्याच्या फवाऱ्यातून वर जायचा. पहिल्यांदा सांधा फुटून त्याचा हात भाजला. तिसऱ्यांदा मात्र चिमणीतून पातळ, करडा धूर निघाला. सारे कामगार बाहेर येऊन बघत उभे राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस इंद्रभान चिमणीकडे बघतच घरी जायचा.

मुदत संपली तशा मंडळाच्या प्रतीक्षा मॅडम तपासणीला आल्या. चिमणीवर यंत्र लावून मोजमाप झालं.

"काका, हे तुम्ही केलं? धूर निम्म्यावर आलाय. पण मर्यादेच्या अजून वरच आहे." मग त्यांनी विचारलं, "धुतलेलं पाणी कुठं जातं?"

इंद्रभाननं ड्रमच्या तळाकडे पाहिलं. काळं पाणी वस्तीच्या नालीत जात होतं. इतके दिवस त्यानं फक्त वर पाहिलं होतं.

"एक महिना द्या मले. पाण्यासाठी टाकं बांधतो."

"मुदत वाढवणं माझ्या हातात नाही. जे दिसलं ते मला लिहावंच लागतं."

चौथ्या दिवशी बॉयलरला सील लागलं.

भगवानरावांनी मग धावपळ करून नवा बॉयलर आणला. तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, दाबलेल्या कांड्यांवर चालतो. कांड्या पट्ट्यावरून आपोआप आत जातात, धूर कापडी पिशव्यांतून गाळला जातो आणि वाफेचा दाब बॉयलर कंपनीचा माणूस मोबाइलवर बघतो. ड्रम भंगारवाल्यानं नेले.

"तुले काढून नाही राह्यलो," भगवानराव खाली बघत म्हणाले. "गेटवर बस. गाड्यांचे नंबर लिहीत जाय."

"हाव," इंद्रभान म्हणाला.

"कोनाचं चुकलं मंग?" त्याच्या बायकोनं, छायानं, घरी विचारलं. कोणा एकाचं चुकलं असं त्याला वाटेना. वस्तीतला खोकला कमी झाला होता, हे तर तोही बघत होता.

एक दिवस त्यानं कंपनीच्या माणसाला विचारलं, "हे मले शिकवता काय?"

"कोर्स करावा लागतो, काका. सगळा इंग्रजीत असतो."

गेटवर ट्रकचा हॉर्न वाजला. इंद्रभान परत गेला आणि नंबर लिहून घेतला.