ओंगणाची नळी

ती घटना आठवली की आजही मला मिशीतल्या मिशीत हसू फुटतं. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काहीच नव्हतं. एका निरपराध माणसावर कलम ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागायची वेळ आली होती.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमगावकडच्या एका ठाण्यावर मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावचा कोतवाल धापा टाकत आला. "साहेब, डायवरानं मालकाले मोटारीसकट तलावात ढकललन!"

मालक म्हणजे धानाच्या गिरणीचे शेठ. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मोटार चालली होती. वाटेत म्हशी बसलेल्या. ड्रायव्हरनं उतारावर हातब्रेक ओढला आणि म्हशी हाकलायला उतरला. तेवढ्यात मोटार शेठजींना घेऊन घरंगळली ती थेट पाण्याच्या कडेला. शेठजींचा पाय मोडला. त्यांचं म्हणणं एकच, "आदल्या दिवशी मैंने उसको डांटा था, त्याचाच डाव साधलन. मागच्या ब्रेकचं लायनिंगही त्यानंच बदललं होतं, माझ्याच अंगणात!"

पुढची चाकं चिखलात, मागची कोरडी होती. पंचांसमोर मी मागची चाकं उतरवली. नव्या कोऱ्या लायनिंगवर, म्हणजे चाक घासून थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, काळं, चिकट तेल! हातब्रेक मागच्याच चाकांना धरतो. तेलकट लायनिंग काय डोंबल धरणार? लायनिंग जप्त केलं, पंचनामा केला आणि ड्रायव्हरला हवालातीत घातलं.

माझ्या जुन्या मोटारीचं लायनिंग मी क्वार्टरच्या अंगणात स्वतः बदलायचो. लायनिंगला तेलाचं बोट लागू द्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. ड्रायव्हरलाही ठाऊक होतं, आणि तेच त्याच्यावर उलटलं होतं. जाणकार माणसानं तेल टाकलं म्हणजे जाणूनबुजूनच टाकलं, असं कोर्ट म्हणणार.

"खरं बोल. तेल कोणी टाकलं?" मी दरडावलं.

"देवाशपथ साहेब, मी नाही टाकलो. नवी लायनिंग केकाटून राहिली होती. दुसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. मले वाटलं, घासून बसली असन."

खोटं बोलणारा माणूस माझ्याकडे फार बघतो, असा माझा अनुभव. हा आपल्या हातांकडे बघत होता. दुपारी त्याची बायको ठाण्यात आली आणि माझ्या टेबलासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लायनिंगले हात लावाच्या आधी त्यानं राखेनं हात घासले साहेब. मीच पाणी टाकली हातावर. मंग त्याले कायले धरून ठेवलात?"

बाईची जबानी लिहून घेतली. माझी खात्री पटली, पण माझ्या खात्रीला कोर्टात कोण विचारतो!

मोटार ओढून ठाण्यात आणली होती, ती लायनिंगविना तशीच पडून होती. मी नवं लायनिंग मागवलं, ड्रायव्हरच्या बेड्या काढल्या आणि ठाण्याच्या आवारात त्याच्याकडूनच ते बसवून घेतलं. हवालदार धुसफुसत होता. मोटार ओढून न्यायला शेठजींनी घरच्या म्हाताऱ्या गाडीवानाला बैलगाडी घेऊन पाठवलं होतं. तो सावलीत तंबाखू मळत बसला होता.

ड्रायव्हरनं आवारात एक चक्कर मारली. नवं लायनिंग असं किंचाळलं की झाडावरचे कावळे उडाले. गाडी थांबली. म्हातारा उठला, आपल्या बैलगाडीखाली लटकवलेली ओंगणाची बांबूची नळी सोडली आणि सरळ मोटारीच्या मागच्या चाकाशी जाऊन बसला. ओंगण म्हणजे एरंडेल आणि काजळी. बैलगाडीचा आस केकाटला की हेच घालतात.

मी धावत जाऊन त्याचा हात धरला. "अरे बाबा, काय करून राहिलास?"

"चाक बोंबलून राहिलं ना साहेब! त्या दिवशीबी असंच बोंबलत होतं. मी या भोकातून ओंगण टाकलो, तं कसं गुमान झालं!" त्यानं ब्रेकच्या ड्रमच्या मागच्या पत्र्यातल्या भोकावर बोट ठेवलं. त्याचं रबरी बूच कधीचंच हरवलं होतं.

"कोणी सांगितलं टाकायला?"

"मालकानं! 'ये चिल्लाना बंद कर' म्हणून मलेच ओरडले. चुकलो काय साहेब?"

अहाहा! त्या क्षणी मला म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. ड्रायव्हर मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होता.

म्हाताऱ्याची जबानी घेऊन मी शेठजींकडे गेलो. ते ऐकेनात. "वो तो गाडी लुढकी, साहब! ओंगणानं कुठं ब्रेक सुटतो?" मग मीही हट्टाला पेटलो. खाटेसकट त्यांना पाळीवर आणवलं. त्याच उतारावर, त्याच जागी ड्रायव्हरनं हातब्रेक ओढला आणि खाली उतरला. मागच्या सीटवर शेठजींच्या जागी मी बसलो. गाव जमा झालेलं. गाडी तसूभर हलली नाही. ड्रायव्हरची बायको पुढे आली आणि पदर खोचून उताराच्या बाजूला, अगदी बंपरसमोर उभी राहिली. तिनं शेठजींकडे बघितलं, बस्स. शेठजींनी मान खाली घातली आणि तक्रार चुकीच्या समजातून केल्याचं पंचांसमोर सांगितलं. लोकांनी ड्रायव्हरला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत मी गाडीतच अडकलो, तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं!

पुढे कितीतरी तपास केले. नुकसान दिसलं की आपण आधी वैरी शोधतो. तेव्हापासून मी आधी विचारू लागलो, की इथे कुणी भलं करायला गेलं होतं का?

माझ्या मोटारीचं लायनिंग मी अजून घरीच बदलतो. नवं लायनिंग केकाटलं की घरची मंडळी कानांवर हात ठेवतात. मी म्हणतो, केकाटू द्या.