माझ्या तोंडी पुणेकर

आम्ही बिदरच्या मैलूर भागातले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी. एवढ्या भाषा येतात म्हटल्यावर सिनेमात आपलं सोनं होईल, असं मला वाटलं होतं.

पुण्याच्या लोकांनी मला कानडी हॉटेलवाला केलं आणि मराठी जरा मोडून बोला म्हणाले. बेंगळुरूच्या लोकांनी मराठी सावकार केलं, तिथं कन्नड मोडायला लावलं. दोन्ही भाषा मला चांगल्या येतात हो, पण नीट बोललेलं कुणालाच नको. वर्षानुवर्षं मोडून मोडून खाल्लं. त्यावर 'अष्टपैलू अभिनेता' म्हणून शालीही पांघरून घेतल्या.

आईची नजर गेलेली. माणूस ती आवाजावरून ओळखायची. माझं प्रत्येक काम टीव्हीपुढं बसून ऐकायची आणि चिडायची. "असं कामून बोलायलास? एकदा तरी घरच्यावानी बोल की." बास, एवढंच तिचं मागणं.

मग मीच लिहिलं, मीच दिग्दर्शन केलं, नायकही मीच. दुसरा नायक परवडत नव्हता, हा भाग वेगळा. गाणगापुरात लॉज चालवणाऱ्या माणसाची गोष्ट, सगळी आपल्या बोलीत. पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत पडद्यावर मी.

निर्माता आमच्याच जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीचा टायरवाला, आमच्यासारखंच बोलणारा. मी पुन्हा बेंगळुरूला सावकारी करायला गेलो, तेवढ्यात या बाबानं सगळा सिनेमा पुण्यात डब करून आणला. ही बोली बिदरच्या पुढं कुणाला कळणार, असं वितरकानं म्हटलं आणि ह्याला ते पटलंसुद्धा. मला सांगायचं मात्र राहिलं. मला कळलं ते थेट थेटरात, पहिल्या खेळाला, आई शेजारी बसलेली असताना. पडद्यावर मी तोंड उघडलं आणि आतून कुणी भलताच पुणेकर बोलायला लागला.

आई नवं लुगडं नेसून ताठ बसली होती. लोक हसले की तीही हसायची. मध्यंतरात भजी नको म्हणाली, खाण्याच्या नादात काही ऐकायचं राहील म्हणून. तिला खरं सांगावं म्हणून दहादा तिच्या कानाशी वाकलो आणि दहादा परत सरळ बसलो.

शेवटचं दृश्य आलं. पडदाभर माझा चेहरा, आणि तो पुणेकर ढसाढसा रडायलेला. आईनं माझा हात चाचपला आणि हळूच विचारलं,

"सिनेमा लई चांगलाय रे. तू कवा येनार हाईस?"