दगडाबाईची साक्ष

पलूसजवळच्या त्या नदीकाठच्या गावात शालूबाईच्या वाटेला कोणी जात नाही. साठी उलटली तरी बाई पदर खोचून उभी राहिली की तालमीतली पोरंसुद्धा वाट देतात. नवरा फौजेत गेला तो परत आला नाही, पदरी मूल नाही, म्हणून म्हणा किंवा मुळातच हाडाची भांडखोर म्हणून म्हणा, गावातल्या बायकांची भांडणं तिनं स्वतःच्या अंगावर घेतली. महिला मंडळ काढलं. दारूच्या गुत्त्यात शेणाच्या पाट्या ओतून तो बंद पाडला. पंधरा वर्षांच्या पोरीच्या लग्नात घुसून नवरदेवाच्या मुंडावळ्या सोडून त्याच्या हातात दिल्या. आता सांगलीहून कॉलेजच्या मुली येतात, चळवळीतल्या बायकांच्या आठवणी मोबाइलवर भरून घेतात. त्यांना ती गुत्त्याची गोष्ट अशी काही रंगवून सांगते की पोरी हसून बेजार होतात. फलटणचं नाव काढलं की मात्र म्हणते, "च्या घ्या की. गार हुतोय."

तर ती फलटणची गोष्ट.

फलटणच्या पुढं, उसाच्या फडाला लागून एक पोल्ट्रीची शेड होती. तिच्या मागच्या खोलीत एक डॉक्टर पोटातलं मूल मुलगा की मुलगी ते सांगायचा. बोर्ड नाही, काही नाही. लांबलांबून गाड्या यायच्या. शालूबाईला हे समजलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरकारी अधिकारी म्हणाले, त्याला रंगेहाथ पकडायचं तर खरी गरोदर बाई पाहिजे. ती गिऱ्हाईक म्हणून आत जाईल, सोबत घरचं एक माणूस जाईल, तो काय बोलतो ते दोघंही ऐकतील आणि पुढं कोर्टात सांगतील. दोन साक्षीदार असले तरच केस उभी राहते.

आता अशी बाई द्यायची कोणी? मंडळातल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. तेव्हा दगडाबाई उठली. शालूबाईच्या चार घरं पलीकडची, मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनची मैत्रीण. थोरला मुलगा विश्वजीत फौजेत, धाकटा यशराज गाडी चालवायचा. विश्वजीतची बायको संयोगिता तेव्हा चौथ्या महिन्यात होती. पहिली मुलगीच, सृष्टी.

"माझी सून जाईल. संगं मी जाती," दगडाबाई म्हणाली.

शालूबाईला भरून आलं. असली सासू मिळायला नशीब लागतं, असं ती चारचौघीत बोलली. संयोगिताला विचारलं तेव्हा ती पोरगी मान खाली घालून "व्हय" म्हणाली. खरं तर तिथंच थांबून त्या खाली घातलेल्या मानेकडं नीट बघायला पाहिजे होतं. पण शालूबाईच्या डोळ्यापुढं त्या डॉक्टरच्या हातातल्या बेड्या होत्या.

यशराजनं गाडी चालवली, शालूबाई पुढं बसून वळणं सांगत होती. सासूसून आत गेल्या. पोलीस उसात दबा धरून बसले. संयोगितानं बाहेर येऊन डोक्यावरचा पदर काढला, ती खूण. लगोलग धाड पडली, मशीन सापडलं, डॉक्टर पळायला गेला आणि पाटाच्या चिखलात आडवा झाला. अधिकाऱ्यानं तिथंच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"पोरगी हाय म्हनला," दगडाबाईनं सांगितलं. मोठ्यानं, शब्द मोकळा करून.

"घावला!" शालूबाई ओरडली आणि तिनं जोरात टाळी वाजवली.

संयोगितानं तिच्याकडं पाहिलं. एवढंच. शालूबाईला वाटलं, भेदरलीय पोर.

गावात सत्कार झाला, दगडाबाईला साडीचोळी झाली. आणि मग फोन यायला लागले. कोणीच बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. एक पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, काचा काळ्या. चैत्राचं ऊन रणरणत असायचं, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि ती गाडी इंजिन चालू ठेवून तशीच. शालूबाई उशाला कोयता घेऊन झोपायला लागली. तिला स्वतःची भीती नव्हती. ती दगडाबाईकडं गेली आणि म्हणाली, "आक्का, ही माणसं लय वंगाळ हायत. पोरीला एकटी कुटं सोडू नकोस. दाराबाहीर पाय टाकू देऊ नकोस."

"न्हाई टाकू देत," दगडाबाई म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. संयोगिता पाण्याला दिसेना, मंडळात दिसेना. तिचा फोन लागेना. बिघडलाय, दगडाबाई म्हणाली. सृष्टीला तिच्या आत्याकडं विट्याला धाडलं होतं. शालूबाईनं मनात म्हटलं, बरं झालं, लेकरू तरी या भानगडीतून लांब राहिलं. दिवसभर ओट्यावर बसून ती त्या पांढऱ्या गाडीवर डोळ्यात तेल घालून पहारा द्यायची. पाठीमागं चार घरांवर काय शिजतंय, तिकडं तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

दगडाबाई बाजाराला गेलेली बघून एका दुपारी ती पोरीला पाडाच्या कैऱ्या द्यायला गेली. संयोगिता मागच्या अंगणात भांडी घासत होती. तोंड सुकून गेलं होतं. कैऱ्यांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"काकी, उद्या मला शिवेपल्याड न्येत्यात," ती म्हणाली. "कर्नाटकात. सासूबाईंच्या वळखीचा डॉक्टर हाय."

"कशाला?"

संयोगिता तिच्याकडं बघत राहिली. राखेनं भरलेले हात तिनं तसेच पोटावर ठेवले.

"पोरगी हाय न्हवं? तुमीच टाळी वाजिवलीसा, काकी."

शालूबाईला सगळं एका क्षणात लख्ख उमगलं. दगडाबाईला धाडबीड काही नको होतं. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं, आणि पोलिसांच्या पहाऱ्यात, सरकारच्या गाडीमागं गाडी लावून तिनं ते माहीत करून घेतलं होतं. वर साडीचोळीही घेतली होती. आणि पोरीला कोंडून ठेव म्हणून सांगायला शालूबाई स्वतःच्या पायानं चालत गेली होती. बाईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात दगडाबाई आली. पिशवी खाली ठेवली. दोघींकडं बघून तिला काय ते समजलं, पण ती जराही दचकली नाही.

"आक्का, लाज वाटती का?" शालूबाई कडाडली. "माज्या शेजारी बसून पोरी वाचवायच्या घोषना दिल्यास तू!"

"दिल्या की. दुसऱ्याच्या पोरी." दगडाबाईचा आवाज अगदी थंड होता. "तुला काय, आगा ना पिछा. माज्या घराला नातू पायजे. आनि कान उघडून ऐक, शालू. तू हितं मधी पडलीस तर कोर्टात मी सांगनार, डॉक्टर काय बोललाच न्हाई. शालूनं पढवलं म्हनून बोलले. मग तुजी केस बी गेली आनि तुजं नाव बी गेलं. बग, काय पायजे ते."

शालूबाईनं तिथंच उभं राहून विश्वजीतला फोन लावला. पोराला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. फौजेतला माणूस, चार मुलखाचं पाणी प्यालेला, तो आईला नक्की दटावेल. फोन लागला. तिनं स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

"काकी, तुमी ह्यात पडू नका," विश्वजीत म्हणाला. "आईला मीच सांगितलंय."

संयोगितानं ते ऐकलं. रडली नाही. हात धुतले, पुसले, आणि शालूबाईपाशी येऊन उभी राहिली. "मी तुमच्याकडं ऱ्हाऊ का काकी?" एवढंच विचारलं.

शालूबाईला त्या एका क्षणात शेडमागची खोली दिसली, तिथं रांगेत बसणाऱ्या बायका दिसल्या. केस गेली की तो माणूस सुटणार. सुटला की पुन्हा मशीन घेऊन बसणार. हे तिला लख्ख कळत होतं. पण त्या बायका लांब होत्या आणि ही पोरगी हात धरून उभी होती. तिनं संयोगिताचा दंड धरला आणि भर दुपारी, उघड्या रस्त्यानं, चार घरं ओलांडून तिला आपल्या घरी आणलं. वाटेत एकही बाई दारात आली नाही. दुसऱ्या दिवशी विट्याला जाऊन, आत्याच्या दारात आरडाओरडा करून सृष्टीलाही घेऊन आली.

मुलगी झाली. गुटगुटीत, केसाळ, रडायला लागली की गल्ली उठवणारी. शालूबाईनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती ढसाढसा रडली, आणि ते काही नुसतं आनंदाचं रडणं नव्हतं.

पुढं केस उभी राहिली तेव्हा दगडाबाई ठरल्याप्रमाणं फिरली. डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून तिनं सांगितलं की डॉक्टर देवमाणूस, तो काहीही बोलला नाही. सून तर सासरशी भांडून, जिनं धाड घडवली त्याच बाईच्या घरात राहते, तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, असं वकिलानं विचारलं. डॉक्टर सुटला. पांढरी गाडी गल्लीत यायची बंद झाली. तिची आता गरज नव्हती. मंडळाच्या बैठकीला बायका येईनाशा झाल्या. पैसे खाऊन दुसऱ्याच्या सुना पळवते, असं गावात बोललं जायला लागलं. शालूबाईनं ते गिळलं. संयोगिता सोबत होती, तिच्या दोन पोरी घरात बागडत होत्या, तेवढ्यावर शालूबाई दिवस काढत होती.

यंदा यशराजचं लग्न झालं. नवी सून विशीचीसुद्धा नाही. गेल्या महिन्यात ती कोरड्या उलट्या काढताना शालूबाईला परसातून दिसली होती. आणि परवा सकाळी यशराजची गाडी दारात लागली. नवी सून मागं बसली, मान खाली घालून. दगडाबाई पुढं, जिथं एकदा शालूबाई बसून वळणं सांगत होती तिथं.

शालूबाई धावत जाऊन गाडीपुढं उभी राहिली. "कुटं निघालासा?"

"फलटणला. पावन्यांकडं," यशराज म्हणाला. त्यानं तिच्या नजरेला नजर दिली नाही.

तिनं अधिकाऱ्याला फोन लावला. तो सगळं शांतपणं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, मागच्या वेळी काय झालं ते तुम्हीच बघितलंय. आत जाऊन ऐकून येणारं, कोर्टात टिकणारं माणूस आहे का तुमच्याकडं?" शालूबाईनं गल्लीभर नजर फिरवली. मंडळातल्या दोघी दारात उभ्या होत्या. तिनं बघितल्यावर त्या आत गेल्या.

"पोरी, उतर खाली! माज्या घरी चल!" ती मागच्या काचेवर हात मारत म्हणाली. नव्या सुनेनं मान वर केली नाही.

दगडाबाईनं आपल्या बाजूची काच खाली घेतली. तिच्या तोंडावर राग नव्हता. जुन्या मैत्रिणीला समजवावं तशी ती हळू बोलली.

"बाजूला हो, शालू. आता कुनाच्या तोंडानं सांगनार हाईस?"