झाडूगाडीचा एव्हारिस्तो सायकलवर बसतो

एव्हारिस्तो तिबादुइसा अठ्ठावीस वर्षं सायकलच्या शर्यतीत होता आणि त्यातल्या एकाही वर्षी तो सायकलवर बसला नाही. तो झाडूगाडी चालवायचा. शर्यतीच्या अगदी शेवटी, रांगत रांगत येणारा तो निळा ट्रक. कुणाचे पाय संपलेले, कुणाचं चाक वाकलेलं, कुणाचं मनच उठलेलं. अशांना सायकलीसकट मागे घालायचं आणि पुढे निघायचं. मागे उरलेलं झाडून नेते ती झाडूगाडी.

चिरासोगा हे बोयाकाच्या डोंगरातलं बटाट्यांचं आणि गाईंचं गाव. साऱ्या कोलंबियाला सायकलस्वार पुरवायचा जणू मक्ताच या प्रांताने घेतलेला, त्यामुळे दर ऑगस्टमध्ये इथे शर्यत होते याचं कुणाला अप्रूप नाही. बहात्तर किलोमीटर, त्यातले शेवटचे एकोणीस एल वेनादो घाटाचे. एव्हारिस्तो वर्षभर दुधाचा टँकर चालवायचा आणि शर्यतीच्या रविवारी झाडूगाडी. गावचा पाद्री, दातांची डॉक्टरीण, दोन माजी महापौर, सगळे कधी ना कधी त्याच्या ट्रकमध्ये घोंगडी पांघरून बसलेले होते.

त्याची एक पद्धत होती. ‘बस गाडीत’ असं तो कधी म्हणायचा नाही. काच खाली करायचा, दमलेल्या गड्याच्या बाजूने हळूहळू चालवायचा आणि बायकोच्या सूपबद्दल बोलायला लागायचा.

“आज रोसाल्बाने बटाट्याचं केलंय. कोंबडी पण घातलीय त्यात. जरा दाटसरच झालंय.”

मग तो थर्मासचं झाकण उघडायचा. गुळाच्या गरम पाण्याचा वास सुटला की भलेभले आपणहून उतरायचे. एका वर्षी अकरा जण उतरले होते, आणि त्या दिवशी तो असा काही घरी आला की जणू शर्यत त्यानेच मारली.

चौसष्टाव्या वर्षी त्याचा डावा गुडघा सुजला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने तो दाबून पाहिला आणि सांगितलं, “क्लच दाबणं बंद. टँकर नाही, ट्रक नाही. याला सायकल चांगली. रोज वीस मिनिटं, सपाट रस्त्यावर.”

एव्हारिस्तोने सायकलपर्यंतचं ऐकलं. पुढचं त्याने सोडून दिलं, कारण चिरासोगात सपाट म्हणावं असं एकच ठिकाण आहे, फुटबॉलचं मैदान, आणि तेही एका अंगाला कललेलं.

शर्यतीच्या मंडळाने झाडूगाडी त्याच्या मुलीला दिली. नूबिया तशीही बटाट्यांचे ट्रक राजधानीपर्यंत नेत असे. एव्हारिस्तो तीन आठवडे कुणाशी धड बोलला नाही. मग एका सकाळी त्याने नूबियाची जुनी सायकल शेडमधून काढली, चेनला तेल घातलं आणि जेवताना जाहीर केलं, “मी नाव देतोय. साठीच्या पुढच्या गटात.”

रोसाल्बाने मक्याची भाकरी त्याच्या ताटात ठेवली. “आजवर गुडघ्याचीच काळजी होती,” ती म्हणाली. “आता डोकंही दाखवून या.”

साठीच्या पुढच्या गटात एकूण दोन जण होते. दुसरा ओबिदियो, गावचा न्हावी, वय सहासष्ट. तो दरवर्षी भाग घ्यायचा आणि दरवर्षी नाही तरी अकरा वेळा झाडूगाडीतून वर पोचला होता. एव्हारिस्तो दाढीला गेला तेव्हा ओबिदियोने वस्तरा त्याच्या गळ्याशी धरून विचारलं, “म्हणजे या वर्षी मी दुसरा?”

“तू दरवर्षी शेवटचा असतोस. तुला बढतीच आहे.”

सहा महिने एव्हारिस्तोने सराव केला. पहिल्या दिवशी तो चर्चच्या चढावर उतरला आणि चेन तपासत असल्याचं नाटक केलं. महिन्याभराने दुधाच्या संकलन केंद्रापर्यंत जाऊ लागला. जूनमध्ये घाटाचा पाचवा किलोमीटर पाहिला. ट्रकमधून हा रस्ता त्याने हजारदा पाहिला होता. पण ट्रकमधून तो एवढा उभा कधी दिसला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पहिले त्रेपन्न किलोमीटर तो आणि ओबिदियो गप्पा मारत गेले. बाकीचे कधीच दिसेनासे झाले होते. पाठीमागून निळा ट्रक येत होता आणि त्याचा आवाज ऐकून एव्हारिस्तोला कळत होतं की नूबिया दुसऱ्या गिअरवर आहे आणि तिने पहिला टाकायला हवा.

घाटाच्या नवव्या किलोमीटरला ट्रक ओबिदियोच्या बाजूला आला. काच खाली गेली.

“ओबिदियोकाका,” नूबिया म्हणाली, “आईने आज सूप केलंय. कोंबडीचं.”

“दाट आहे का?” ओबिदियोने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उतरला.

त्यानंतर ट्रकच्या मागच्या फळीवरून तोच बोलत राहिला. घोंगडी खांद्यावर, हातात वाफाळता पेला. “एव्हारिस्तो, गुडघा कसा आहे? आम्ही मजेत आहोत. तुझ्यापेक्षा तुझी लेक बरी, गूळ सढळ हाताने घालते.”

“दाढीला येणार नाही मी तुझ्याकडे.”

“मग जाशील कुठे? गावात दुसरा न्हावी कुठाय?”

पंधराव्या किलोमीटरनंतर एव्हारिस्तोने उत्तरं देणं सोडलं. शेतं संपली, वारा सुटला आणि डोंगरावरून राखाडी ढग खाली आला. आधी पाऊस, मग गारा. वाटाण्याएवढ्या गारा त्याच्या हेल्मेटवर ताडताड वाजू लागल्या. धुक्यात पुढचं वळणही दिसेना. सायकल इतकी हळू चालली होती की ती उभी कशी राहते याचंच नवल. मांड्या पेटल्या होत्या, बोटं बधिर झाली होती, आणि ट्रककडून गुळाचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या वासाचा राग आला.

ट्रक बाजूला आला. नूबियाने काच खाली केली. आता सूप निघणार, एव्हारिस्तोने मनाशी म्हटलं, आणि आता मी उतरणार.

“बाबा,” ती म्हणाली, “अठराशे मीटर राहिलेत. दोन वळणं खडी आहेत, ती चढलात की माथ्यापर्यंत रस्ता सपाट.”

तो तसाच पेडल मारत राहिला. धापा टाकत म्हणाला, “असं सांगायचं नसतं. मग गाडीत बसणार कोण?”

“नाही बसलं कुणी तर माझं काय बिघडतंय? ओबिदियोकाका एकटेच चार जणांचं बोलतायत.”

एव्हारिस्तोला त्याच क्षणी मार्लेन आठवली. पंधरा वर्षं झाली असतील. एकोणीस वर्षांची पोरगी, त्या वर्षी शर्यतीत उतरलेली एकटीच बाई. अशाच गारा, असंच धुकं, हीच जागा. तिने दम खात विचारलं होतं, “किती राहिलं?” आणि तो म्हणाला होता, “बरंच आहे, पोरी.” त्याला नेमकं ठाऊक होतं किती राहिलंय. पण तीन वाजले होते, त्याला भूक लागली होती आणि झाडूगाडी वर पोचल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे. पोरगी उतरली, गाडीत बसली आणि रडली. पाचच मिनिटांत माथा आला. तेव्हा तिने रडणं थांबवून खिडकीबाहेर पाहिलं होतं.

पहिलं वळण त्याने उभं राहून घेतलं. दुसऱ्या वळणावर त्याला वाटलं, छातीतला भाता फुटणार. मग खरंच रस्ता सपाट झाला. सायकल आपसूक पळू लागली आणि मागून ओबिदियो फळीवर मुठी आपटू लागला.

माथ्यावर शर्यत संपून गेली होती. कमान उतरवली होती, खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, सगळे गारांना भिऊन तंबूत शिरले होते. शेकोटीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या बाईने पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं: पाच तास एक्केचाळीस मिनिटं. सर्वांत शेवटी, आणि साठीच्या पुढच्या गटात पहिला. नूबियाने त्याला सायकलवरून उतरवलं, कारण त्याचा पाय वर होईना. त्याने दोन वाट्या सूप प्यायलं.

पुढच्या मंगळवारी तो बसने शेजारच्या गावी गेला. मार्लेनचं तिथे गुरांच्या औषधांचं दुकान होतं. आत कुणी गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरपाशी उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि जे घडलं होतं ते सांगून टाकलं. भुकेचंसुद्धा.

मार्लेन लसींच्या बाटल्या मोजत होती. तिने मोजणं पुरं केलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पुढच्याच रविवारी भावाला घेऊन गेले होते मोजायला. सतराशे नव्वद मीटर. वर्षभर बाजारात तुम्ही दिसलात की मी रस्ता ओलांडायचे. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“मला वाटलं, लाजाळू आहेस.”

ती हसली. मनापासूनच हसली, पण हसता हसता तिचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत, आणि एव्हारिस्तोने ते सोसलं. “फार वाईट वागलात तुम्ही,” ती म्हणाली. “मी त्यानंतर सायकलच विकली.”

“हो,” तो म्हणाला.

मग तिने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, कारण तो एका पायावर भार देऊन उभा होता. फळीवरून तिने एक डबा काढला. गाईंच्या सांध्यांना चोळायचं मलम. “माणसांना चालतं,” ती म्हणाली, “फक्त वास येतो. रविवारी सायकल घेऊन किती वाजता निघता तुम्ही?”

“सहाला.”

“सहाला मला जाग येत नाही.”

आता ते साडेसातला निघतात. मार्लेनने भावाची सायकल मागून घेतली आहे, आणि इतक्या वर्षांत पाय विसरलेले नाहीत. चर्चच्या चढापर्यंत ती त्याच्या सोबतीने जाते. मग पुढे होते आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर थांबून वर किती राहिलंय ते ओरडून सांगते.