झुंबरबाईंचे दोन प्रश्न

एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेला तेव्हा झुंबरबाई ऐन विशीत होत्या. सासरी मन लागेना, म्हणून त्या नगरकडचं गाव सोडून भावामागे बोईसरला आल्या आणि कारखान्यांत राबणाऱ्या एकट्या माणसांसाठी त्यांनी खानावळ काढली. वर्षानुवर्षं लोकांना जेवू घातलं, पण स्वतःचं दुःख कधी कुणाच्या ताटात वाढलं नाही.

शहाण्णव साली अणुचाचण्या कायमच्या बंद करण्याचा जागतिक करार पुढे आला. भारताने सही करावी की नाही, यावर पंगतीत वाद रंगू लागले. तारापूरचं अणुवीज केंद्र हाकेवर. ‘अणू’ हा शब्द इथे कुणालाच परका नव्हता.

बळवंत हा कामगारांचा पुढारी रोज इथेच जेवायचा. एक दिवस तो म्हणाला, “मावशी, रविवारी सभा आहे. सही करू नका, असं दिल्लीला कळवायचंय. तुम्ही वीरपत्नी. स्टेजवर या.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काय त्यात? नुसत्या उभ्या राहिलात तरी पुरे.”

ते ‘नुसत्या’ त्यांना लागलं.

सभेत हार घातल्यावर त्यांनी माइक मागून घेतला. “बळवंता, आपण सही केली तर ज्यांच्याकडं बॉम्ब हायेत, ते मोडून टाकणार का?”

“कुठलं! ते ठेवणार आणि आपल्याला अडवणार.”

“मग नगा करू सही.”

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर झुंबरबाईंनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, “आन् सही नाय केली, तर आपण बॉम्ब फोडणार का?”

मागून कुणीतरी ओरडलं, “वेळ आली तर फोडू!” यावेळी टाळ्या आणखी मोठ्या होत्या. झुंबरबाईंनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि घरी येऊन कणीक मळायला घेतली.

पुढे भारताने सही नाकारली. बळवंत पेढे घेऊन आला. त्यांनी हात पुढे केला नाही.

“सही नाय केली ते मला पटलं. पेढे नाय पटले.”

बळवंत रागावून गेला, त्याच्यामागे त्याची माणसंही. भाताचं पातेलं लहान झालं. पण झुंबरबाई कुणाला बोलवायला गेल्या नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात देशाने चाचण्या केल्या. बोईसरच्या नाक्यावर फटाक्यांच्या माळा लागल्या. त्या संध्याकाळी बळवंत खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला.

“मावशी, धाकटा भाऊ फौजेत भरती झालाय. आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही. आज माळ पेटवायला हात उचलेना.”

त्यांनी ताट वाढलं. घास तसाच धरून त्याने विचारलं, “मालक कसे होते हो तुमचे?”

शहीद कधी झाले, कुठे झाले, हे पुष्कळांनी विचारलं होतं. कसे होते, हे कुणी विचारलं नव्हतं.

“फटाक्यांना भ्यायचे,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला कानात बोटं घालून आत बसायचे. अंगणात मी लावायची.”

आणि त्या हसल्या. बळवंतची आमटी निवून गेली, तरी त्या नवऱ्याबद्दल सांगतच राहिल्या.