छापील यादीमागची एक ओळ

अन्याय झाला तो उमरेडच्या एका विणकराच्या मुलीवर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, जूनमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. नर्सिंगची निवडयादी लागली आणि तिचं नाव त्यात नव्हतं. ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बापलेक ठाण्यात आले. मी ड्युटीवर फौजदार होतो.

"यादीतल्या शेवटच्या पोरीले माह्याहून कमी मार्क आहेत साहेब. मंग मी काहून नाही?"

"यादी कॉम्प्युटरची आहे. त्याला भाचे-पुतणे नसतात," मी म्हणालो. अर्ज घेतला, दोघांना वाटेला लावलं. यादीवर खाडाखोड दिसत नव्हती. माझ्यासाठी तपास तिथेच संपला. लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी यादी छापणाऱ्या कॉम्प्युटर केंद्रातली कार्ड पंच करणारी, म्हणजे अर्जातली माहिती भोकं पाडून कार्डावर उतरवणारी बाई आली.

"कागद काय पाहून राहिले जी? त्या पोरीचं कार्ड मी सोता पंच केलं. घोळ मागं आहे."

तिनेच समजावलं. यादीचा साचा मशीनमध्ये तयार असतो : क्रमांक, नाव, गुण, प्रत्येकाची जागा ठरलेली. प्रोग्राम कार्डावरून माहिती उचलून तिथे बसवतो. कार्डाला हात न लावता यादी बदलता येते.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन तास विचारलं. "मशीनची चूक," एवढंच. मग मी पंचनाम्यासाठी दोन पंच, बाहेरचे साक्षीदार, बोलावले. आधी कार्डं जशीच्या तशी छापायला लावली : मुलीचं नाव होतं. मग तीच कार्डं यादीच्या प्रोग्राममधून : नाव गायब, खालची सगळी नावं एकेक जागा वर.

एक पंच कळमन्याच्या बाजारात माल तोलून विकणारा अडत्या. म्हणाला, "अरे बावा, मालही तोच, काटाही तोच, मंग वजन दोन कसे?"

प्रोग्रामवाल्याने पाणी मागितलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. या मुलीचा अर्ज क्रमांक आला की ओळ गाळ, खालच्या वर सरकव. शेवटच्या जागेवर त्याच्या साहेबाची भाची बसत होती.

आरोपपत्र गेलं. सुधारित यादी निघाली तेव्हा अर्धं वर्ष सरलं होतं, "जागा नाही" असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी ती वयात बसेना. तिचा बाप मला म्हणाला, "साहेब, कागद दुरुस्त झाला. पोरीचं काय?"

स्वच्छ कागद पाहून मी गप्प बसलो, आणि तिचे तीन दिवस माझ्यामुळेच गेले.

तुम्ही बसू नका. यादीत नाव नसेल तर मूळ नोंद मागा, लेखी मागा. आणि नोंद समोर आल्याशिवाय तिथून हलू नका.