पाणी न मागणारी गाडी

कुणीही गाडीजवळ आले की मालक तिच्या मागच्या झाकणावर बोटाने टकटक करायचे, कलिंगड पारखावे तसे, आणि म्हणायचे, "पाणी मागत नाही. सोलापूरकराला आणखी काय पाहिजे?"

तुमच्यापैकी जुन्या लोकांनी ती गाडी नक्की पाहिली असेल. पिस्ता रंगाची, कासवासारख्या पाठीची, जर्मन. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, आणि रेडिएटर नाहीच. इंजिन नुसत्या वाऱ्यावर गार राहायचे. मे महिन्यात बाकीच्यांच्या मोटारी वाफ सोडत रस्त्याकडेला उभ्या असत, तेव्हा मालक शेजारून फटफट करत जायचे आणि हात हलवायचे. चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हा माज शोभून दिसायचा.

मालकांचा चादरींचा छोटा कारखाना होता, मी तिथे कारकून. घरात ते तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी आणि गाडीशी दोन्ही. चादरींच्या मऊ तुकड्यांनी ती रोज पुसायचे. "कारकूनसाहेब, हात फिरवा. हिच्यावर एक कोपरा सापडतो का बघा." मी फिरवायचो. खरेच सापडायचा नाही.

गाडीतली शेजारची जागा रशीदभाईंची. शाळेपासूनचे मित्र, त्यांचा पेट्रोल पंप होता. रविवारी सकाळी तिथे टाकी भरायची आणि दोघांनी भटकायला निघायचे, कधी मंद्रूपपर्यंत, कधी दुधनीच्या बाजाराला.

"ये तेरी डिब्बी मेरे कू घर तक छोडती क्या?" रशीदभाई दर वेळी विचारायचे.

"उतर की मग," मालक म्हणायचे.

कुणी उतरायचे नाही.

रशीदभाईंच्या पंपावर पाणी मिसळलेले पेट्रोल मिळाले म्हणून ही दोस्ती मोडली, असे गावात आजही सांगतात. ते खोटे आहे. पाणी मी घातले होते.

'पाणी मागत नाही' ही मला मालकांची बढाई वाटायची. मोटार म्हटली की पाणी लागणारच. मे महिन्यातल्या एका दुपारी गाडी अंगणात तापत उभी होती. चादरींचे गठ्ठे काढून पुढचे झाकण कुणीतरी उघडेच ठेवले होते. आत एक गोल टोपण दिसले. मालक अक्कलकोटला निघणार होते. वाटेत त्यांचे हाल नकोत म्हणून मी टोपण फिरवले आणि प्यायच्या पाण्याची अर्धी कळशी आत ओतली. पेट्रोलचा वास आला. पण मोटारीला दुसरा कसला वास येणार? त्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढे असते, हे मला ठाऊक नव्हते.

गाडी वाटेतच बंद पडली. मेकॅनिकने टाकी रिकामी केली तर तळाशी पाणी. मालकांनी त्यातले बाटलीभर आणून रशीदभाईंच्या टेबलावर ठेवले. सोबत मी होतोच.

"हे तुझं पेट्रोल."

"माझ्या पंपात पाणी नाय."

"मग काय आभाळातून पडलं?"

तेव्हा माझे एक वाक्य पुरले असते. नोकरी जाईल या भीतीने मी ते गिळले, आणि नंतर ते दरवर्षी जडच होत गेले. पंपावरची गिऱ्हाइके कमी झाली. मालक पेट्रोलसाठी लांब मंद्रूपच्या रस्त्याला जाऊ लागले. एकटेच.

कारखाना बंद झाल्यावरही मी त्यांच्याकडे जायचो. एकदा म्हणाले, "गाडी विकतोय. पुण्याचा एक शौकीन येतोय बघायला."

"का हो, मालक?"

"शेजारची जागा रिकामी ठेवून किती चालवायची?"

मग मात्र मी सगळे सांगून टाकले.

मालकांनी एवढेच विचारले, "किती घातलं?"

"अर्धी कळशी."

"प्यायचं?"

"हो."

"मे महिन्यात," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसत होते. मग हसू थांबले. "चला, गाडीत बसा."

पंपावर मी रशीदभाईंना सगळे पुन्हा सांगितले.

"तुमाला ठाऊक नव्हतं, ठीक हाय," ते मला म्हणाले. मग मालकांकडे वळले. "पर तुला तर मी ठाऊक होतो की."

मालकांनी मान खाली घातली. "चुकलो, रशीद."

रशीदभाईंनी स्वतः पेट्रोलची नळी हातात घेतली. "फुल करू?"

"कर की."

पुण्याचा शौकीन चहा पिऊन परत गेला. पुढचे सगळे रविवार मागच्या सीटवर मीही असायचो. गाडीत बसण्याआधी रशीदभाई माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घ्यायचे.

मागच्या थंडीत मालक झोपेतच गेले. त्यांच्या मुलीने गाडी रशीदभाईंच्या पंपावर आणून ठेवली. रशीदभाईंना आता नीट दिसत नाही आणि मला चालवता येत नाही. तरी रविवारी सकाळी मी जातो. ते त्यांच्या जागेवर बसतात, मी मागे. चहा येतो. परवा पेट्रोल भरायला आलेल्या एकाने वाकून आत पाहिले. स्टिअरिंगमागे कुणीच नव्हते.

"काय चाचा, कुटं निघालाय?"

"दुधनीला," रशीदभाई म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, वारा यावा म्हणून.